प्रतिसरकारवर मुलांसाठी कादंबरी लिहिते आहे. नाना पाटलांनाच नायक करू का?

प्रश्न थोडक्यात असा: एका शिक्षिकेने साताऱ्याच्या प्रतिसरकारवर, म्हणजे बेचाळीसच्या चळवळीतून गावोगावी उभ्या राहिलेल्या समांतर सरकारवर, दहा ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी कादंबरी लिहायला घेतली आहे. नायक क्रांतिसिंह नाना पाटील. तीन प्रकरणं झाली, वर्गात वाचून दाखवली, आणि मुलं चुळबुळ करू लागली. चूक कुठे होते आहे? शिवाय गोळीबार, मारहाण, 'पत्री' हे सगळं मुलांपुढे कितपत आणायचं?

बाई, आधी त्या चुळबुळ करणाऱ्या पोरांचे आभार माना. मोठी माणसं हस्तलिखित वाचून "छान झालंय" म्हणतात आणि आपली दोन वर्षं वाया घालवतात. मी वीस-बावीस वर्षं मुलांसाठी लिहितो आहे आणि इतरांची हस्तलिखितं त्याहून जास्त वाचली आहेत. अशा कादंबऱ्या नव्वद टक्के वेळा एकाच जागी अडकतात, आणि तुमचीही तिथेच अडकली आहे.

नानांना नायक करू नका. त्यांच्याबद्दल आदर आहे म्हणूनच सांगतो. १९४२ साली नाना बेचाळीस वर्षांचे होते. तलाठ्याची नोकरी १९३० सालीच सोडलेली, तुरुंग पाहिलेला, गावोगावची भाषणं झालेली. म्हणजे कादंबरीच्या पहिल्या पानावर येणाऱ्या या माणसाचं सगळं आधीच ठरलेलं आहे. वाचणारं पोर मात्र असा कुणी शोधत असतं ज्याचं अजून काहीच ठरलेलं नाही, जो चुकेल, घाबरेल, खोटं बोलेल आणि मग त्या खोट्यात अडकेल. नानांना तुम्ही घाबरवू शकणार नाही, चुकवूही शकणार नाही. पुतळ्यापुढे उभं राहिलं की आपलं पेन आपोआप हात जोडतं. तुमच्या पहिल्या प्रकरणाची सुरुवात '३ ऑगस्ट १९०० रोजी' अशी आहे, यातच सगळं आलं. जन्मतारखेने पाठ्यपुस्तकातला धडा सुरू होतो, गोष्ट होत नाही.

नाना कादंबरीत येऊ देत, पण गावाला दिसायचे तसे. रात्री कुणीतरी येतं, देवळापुढे माणसं जमतात, एक धिप्पाड आवाज बोलतो, लोक हसतात, मध्येच एकदम गप्प होतात, आणि उजाडायच्या आत तो माणूस गेलेला असतो. एवढं एक प्रकरण पुरे. पोराला ते भाषण अर्धवटच ऐकू यावं, कारण ते आईच्या मांडीवर डुलक्या घेत होतं. उरलेलं अर्धं भाषण दुसऱ्या दिवशी गावात प्रत्येकजण वेगवेगळं सांगेल, आणि त्यातून तुम्हाला आयता विनोद मिळेल.

मग गोष्ट कुणाची? एका घराची. क्रांती म्हणजे मोठ्यांनी केलेला पराक्रम असं न सांगता, ती एका घराला पडलेला पेच म्हणून सांगा. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. ते कसं करायचं, ते शेणोलीच्या उदाहरणावरून दाखवतो.

७ जून १९४३. कराडजवळ शेणोलीला रुळांवर दगड रचून प्रतिसरकारच्या लोकांनी पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी अडवली आणि पैसे चळवळीसाठी नेले. जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊंच्या तुफान सेनेचं, म्हणजे प्रतिसरकारच्या लढाऊ दलाचं, हे काम. तुमच्या आराखड्यात या प्रसंगाला बारा पानं आहेत: दगड, शिट्टी, बंदुका, थैल्या. बाराच्या बारा पानं बाहेरून दिसतात, सिनेमासारखी. आता तारखेकडे पुन्हा बघा. ७ जून म्हणजे मृग. शेतकऱ्याच्या घरात त्या दिवशी सगळ्यांचे डोळे आभाळाकडे असतात. पाऊस पडला की वाफसा साधून पाभर, म्हणजे पेरणीचं औत, धरायची असते, आणि त्याला दोन माणसं लागतात. एक बैलांमागे, दुसरं चाड्यावर मूठ धरून बी सोडायला. मूठ बाई धरते. पण घरचा पुरुष आठ दिवस गायब असेल तर बैलांमागे कोण चालणार? अकरा वर्षांचं पोर. म्हणजे बापाने स्वराज्यासाठी गाडी लुटली, ती पोराच्या वाट्याला पाभर होऊन आली. आणि शेजारी कट्ट्यावर बसून बघतो आहे, "यंदा पाभरीवर पोरगं कसं?"

त्या घरात संवाद साधारण असा होईल:

"आये, बा कवा येनार?"
"येत्याल. बैलांस्नी पानी पाजून आन."
"मास्तरनं इच्यारलं तर काय सांगू?"
"मामाच्या गावाला गेल्यात म्हन."
"कंच्या गावाला?"
आईने चाड्याची दोरी दातांत धरली होती, म्हणून ती बोलली नाही. निदान पोराला तसं वाटलं.

आईने खोटं शिकवलं, पण अर्धंच. गावाचं नाव पोराला स्वतः शोधावं लागणार. शाळेत ते एक नाव सांगेल. पंधरा दिवसांनी जमादार येऊन सहज विचारेल तेव्हा घाबरून दुसरंच सांगेल. तिसऱ्या वेळी कोण, कुठे आणि कुणासमोर विचारतो, यावर तुमची अख्खी कादंबरी उभी राहते. शेणोलीची गाडी पोराने पाहिलीसुद्धा नसली तरी चालेल. मी तर म्हणेन, पाहूच नये. त्याला ती ऐकू येईल कट्ट्यावर, तिखटमीठ लावून, आणि तिथे बसलेल्यांपैकी आपला बाप तिथे होता हे माहीत असलेलं ते एकटंच असेल. बढाई मारायची केवढी ऊर्मी! आणि गप्प बसायचं. अकरा वर्षांच्या मुलाला याहून अवघड शौर्य कुठलं सांगणार?

मुलगी नायिका केलीत तर आणखी बरं. पण तिला पँट घालून बंदूक देऊ नका, तो सोपा रस्ता झाला. बायकांनी चळवळीत खरंच काय केलं ते बघा. भूमिगत माणसं रात्री यायची, त्यांना भाकरी लागायची. भाकरीला पीठ लागतं आणि पीठ जात्यावर निघतं. पहाटे जात्याची घरघर सगळ्याच घरांतून येते, तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. पण मध्यरात्री एकाच घरातून आली, तर तो फौजदारासाठी पुरावाच. मग जात्याखाली गोधडी घालायची का? पीठ शेजारणीकडून उसनं आणायचं, तर एवढं कशाला हे सांगायचं काय? नेहमी चार भाकरी होतात त्या घरात आज चौदा झाल्या, हे उकिरड्यावरच्या राखेवरूनही कळू शकतं. हे सगळं दहा वर्षांच्या पोरीला कळतं, दिसतं, करता येतं. आणि धाडसच हवं असेल, तर खरी गोष्ट तुमच्या विषयातच आहे. नानांची मुलगी हौसाबाई तेव्हा सतरा-अठराची होती. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर एका साथीदाराने तिचा दारुडा नवरा व्हायचं सोंग घेऊन तिला मारहाण केली, पोलीस भांडण सोडवायला बाहेर आले आणि तेवढ्यात बाकीच्यांनी आतल्या बंदुका पळवल्या. सोंग खरं वाटावं म्हणून मार मात्र खराच खावा लागला होता. मुलांना वाचून दाखवा, बघा चुळबुळ होते का.

आता भूगोल. इथे तुम्ही एका सोन्याच्या खाणीवरून चालत गेला आहात आणि तुम्हाला पत्ता नाही. प्रतिसरकारचं केंद्र असलेलं कुंडल इंग्रजांच्या मुलखात नव्हतंच, ते औंध संस्थानात होतं. औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९३९ साली राज्यघटना देऊन गावांच्या हाती कारभार सोपवला होता. आणि हे संस्थान सलग नव्हतं. इंग्रजी मुलखात इथे एक तुकडा, तिथे एक तुकडा असं विखुरलेलं. म्हणजे ओढ्याच्या अलीकडे इंग्रजांचा पोलीस, पलीकडे संस्थानचा. इकडच्याला तिकडे सरळ घुसायला अडचण. भूमिगतांना याचा फायदा झाला. तुमच्या पोराची म्हैस रोज ती हद्द ओलांडते. पोराला म्हशीमागे जायचंच असतं, आणि म्हशीला कुणी परवाना विचारत नाही. चिठ्ठी पोचवायला याहून चांगली व्यवस्था मला तरी सुचणार नाही. नकाशाही तेव्हाचा घ्या. सांगली जिल्हा अजून झालेला नव्हता. वाळवा, तासगाव हे सगळं सातारा जिल्ह्यातलं. तुमच्या दुसऱ्या प्रकरणात फौजदार 'सांगली जिल्ह्यात नाकाबंदी' करतो, ते वाचून मी कपाळावर हात मारला.

पण मी कुणाला हसावं? माझ्या एका पुस्तकात १९४२च्या मोर्चाचं सुंदर चित्र होतं, आणि झेंड्यावर अशोकचक्र. लेखक मी, चित्रकार अनुभवी, संपादकांनी दोनदा तपासलेलं. छापून आल्यावर सहावीतल्या एका मुलाने विचारलं, "सर, हे चक्र तर १९४७ला आलं ना?" बरोबर. चक्राचा झेंडा २२ जुलै १९४७ला स्वीकारला गेला. बेचाळीसच्या पोरांच्या हातातल्या झेंड्यावर चरखा होता. आणि तुम्ही पुढे कधी १९३०च्या जंगल सत्याग्रहावर, चिरनेर-बिळाशीवर लिहिलंत, तर तेव्हा रंगसुद्धा वेगळे: वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली तांबडा. केशरी पट्टा १९३१चा.

तेव्हापासून मी एक वही ठेवली आहे, त्यात फक्त हातात धरता येतील अशा वस्तू. मधे भोक असलेला, दोऱ्यात ओवता येणारा तांब्याचा पैसा १९४३ सालापासून आला. बेचाळीसच्या ऑगस्टमध्ये पोराच्या मुठीत तो देऊ नका, त्रेचाळीसमध्ये मात्र जरूर द्या, कारण नवीन नाण्याचं पोरांना केवढं अप्रूप! रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. शेणोलीची गाडी मीटरगेजवरची, आजच्यापेक्षा अरुंद रुळांची. चित्रकाराला हे आधीच सांगा. आणि युद्धामुळे १ सप्टेंबर १९४२पासून १५ ऑक्टोबर १९४५पर्यंत सरकारी घड्याळ एक तास पुढे होतं. म्हणजे शाळेची घंटा सरकारच्या वेळेवर, बैल सूर्याच्या वेळेवर. यातलं किती वापरायचं? फारच थोडं. वहीत शंभर गोष्टी असाव्यात आणि पानावर चार. उरलेल्या शहाण्णव तुम्हाला चुकू देत नाहीत, एवढं त्यांचं काम.

आता तुमचा अवघड प्रश्न, 'पत्री'.

लोकांत समज पसरला होता की प्रतिसरकारवाले गुन्हेगाराच्या पायाला घोड्यासारखे पत्रे ठोकतात. शिक्षा प्रत्यक्षात मुख्यतः तळव्यांवर काठीचे फटके देण्याची होती. पण अफवेने आपलं काम केलं, आणि प्रतिसरकारचं पत्री सरकार झालं. लेखकाला ही अफवा आणि वस्तुस्थिती यांच्यातली फट फार मोलाची आहे. पोरं पाराखाली एकमेकांना रंगवून सांगतात: खिळे, नाल, लोहाराचा भाता. मग एके सकाळी तुमच्या नायकाला त्याच्या जिवलग मित्राचा बाप भिंत धरून, टाचा टेकवत परसाकडे जाताना दिसतो. नाल नाही, खिळा नाही. सुजलेले पाय आहेत. ते पोराला ओळखतात आणि मान वळवतात. प्रसंग एवढाच. फटके दाखवायची गरज नाही; मुलांच्या पुस्तकात मारहाण पडद्याआड ठेवा आणि दुसरा दिवस पूर्ण उजेडात दाखवा.

पुढे मात्र पळ काढू नका. त्या माणसाने खरंच खबर दिली होती का? कुणी ठरवलं? तुमच्या नायकाचा बाप त्या रात्री कुठे होता? प्रतिसरकारने गावोगावी न्यायनिवाडे केले, दरोडेखोरांना वेसण घातली, सावकारीला आळा घातला, आणि ज्या माणसाचा दावा कोर्टात वर्षानुवर्षं लोंबकळला असता त्याला गावातच निकाल मिळाला. हे खरं. आणि खबऱ्या म्हणून कुणाला तरी मार बसला, हेही खरं. अकरा वर्षांच्या मुलाला दोन्ही एकदम पेलतं. पेलत नाही ते आपल्याला. तुम्ही तुमच्या मसुद्यात मार खाणाऱ्याला काळा, मिशीवाला, व्याजखोर करून टाकलं आहे, म्हणजे वाचणाऱ्याला त्रासच नको. त्याऐवजी त्याने तुमच्या नायकाला कधीतरी पोहायला शिकवलेलं असू द्या.

तसाच दुसरा पदर सुधारणांचा. प्रतिसरकारने 'गांधी विवाह' लावले: हुंडा नाही, बँड नाही, जेवणावळी नाहीत, थोडक्यात आटोपलं. तुम्ही या प्रसंगी एका कार्यकर्त्याच्या तोंडी दीड पानाचं भाषण घातलं आहे. ते काढा. मावशीच्या लग्नात लाडू मिळणार म्हणून महिनाभर बोटं मोजणारी पोरगी तिथे आणा. वऱ्हाड आलं, हार घातले, सूत, दोन शब्द, आणि झालं लग्न! पोरगी दारात उभी, लाडू कुठाय? तिला राग आलेला आहे आणि तो रास्त आहे. कोपऱ्यात तिचे आजोबा बसले आहेत, ज्यांना या लग्नासाठी जमीन गहाण टाकावी लागली नाही. त्यांनी काही बोलायचं नाही, पोरगी मात्र बघेल की म्हातारा आज पहिल्यांदा पान जुळवताना गुणगुणतो आहे.

मृत्यूबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथे आपल्या भाषेतल्या बालसाहित्याने पुष्कळ गडबड केली आहे. ९ सप्टेंबर १९४२. त्या एकाच दिवशी वडूजला मोर्चावर गोळीबार झाला, त्यात परशुराम घार्गे आणि त्यांचे साथीदार गेले. आणि तिकडे पश्चिम खानदेशात नंदुरबारला पोरांच्या मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या गेल्या, शिरीषकुमार मेहता गेला. पंधरा वर्षांचा. शिरीषकुमारची गोष्ट आपण अशी सांगतो की ऐकणाऱ्या मुलाला मरण ही बक्षीस समारंभासारखी गोष्ट वाटावी. छाती पुढे, झेंडा उंच, आणि लगेच स्मारक. मधलं सगळं गायब. त्याच्याबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा हेही गेले, ही नावं किती मुलांना सांगता येतील? गोळीबार लिहायचाच असेल तर मोर्चात शेवटच्या रांगेत असलेल्या, पळालेल्या मुलाच्या बाजूने लिहा. पळणं हा गुन्हा नाही, हे त्याला कुणीतरी मोठ्याने सांगायला हवं आणि कादंबरीत ते कुणीच सांगत नाही. मेलेल्या मित्राकडून त्याने नकाशाची वही उसनी घेतलेली आहे. ती आता कुणाला परत करायची? आठ-दहा दिवस ती वही दप्तरात घेऊन तो त्या घरावरून जातो आणि परत येतो. लहान वाचकाला मृत्यू असा सांगितलेला झेपतो. रक्ताच्या थारोळ्याची वाक्यं त्याला झेपतही नाहीत आणि लक्षातही राहत नाहीत.

चौदाच्या पुढच्या मुलांसाठी लिहीत असाल तर आणखी खोल जाता येतं. चापेकरांची गोष्ट घ्या. २२ जून १८९७ची गणेशखिंडीतली रात्र, 'गोंद्या आला रे' ही खूण, पोरांना पाठच असते. पण त्याच अंधारात रँडच्या मागच्या गाडीतला आयर्स्टही मारला गेला, आणि पुढे ८ फेब्रुवारी १८९९ला खबर देणाऱ्या द्रविड बंधूंना घराबाहेर बोलावून गोळ्या घातल्या, त्या घालणाऱ्यांत वासुदेव हा चापेकरांतला सर्वांत धाकटा भाऊ होता. सलग तीन भाऊ फासावर गेलेलं ते घर बाविसाव्या तारखेवर थांबून कळत नाही. तुमच्या वयोगटासाठी हे नको. पण तुम्ही स्वतः हे वाचून ठेवा, म्हणजे हात सैल होईल.

भाषेचं थोडक्यात. निवेदन प्रमाण मराठीत, संवाद गावच्या बोलीत, हे तुम्ही बरोबर केलं आहे. फक्त बोली गरिबांना आणि प्रमाणभाषा पुढाऱ्यांना, अशी वाटणी झाली आहे, ती मोडा. नाना स्वतः लोकांशी लोकांच्या बोलीतच बोलायचे. जुन्या शब्दांना तळटीप देऊ नका. 'चाडं' म्हणजे काय हे आईच्या मुठीतून बी सुटताना दिसलं की कळतं. आणि गावात महारवाडा वेगळा होता, पाणवठा वेगळा होता, हे स्वातंत्र्याच्या गोष्टीत अडचणीचं वाटतं म्हणून गाळू नका. मुलं विचारतील. विचारू देत.

खऱ्या माणसांच्या तोंडी वाक्यं घालताना माझा नियम कडक आहे: नोंद असेल तर घाला, नाहीतर त्या माणसाला लांबून दिसू द्या. बाकी सगळं कल्पित चालेल, पण पुस्तकाच्या शेवटी एक 'खरं-खोटं पान' द्या. शेणोलीची तारीख खरी, म्हैस कल्पित. गांधी विवाह खरे, लाडूवाली पोरगी कल्पित. मुलं हे पान सगळ्यांत आधी उघडतात, असा माझा अनुभव आहे, आणि मग गोष्ट वाचताना लेखकाला पकडायला बघतात.

आता कामाचं. तिन्ही प्रकरणं बाजूला ठेवा, फाडू नका. वहीसाठी उपयोगी आहेत. तुमचं आजोळ कुंडलच्या बाजूला आहे असं तुम्ही लिहिलं आहे. त्या काळी दहा वर्षांची असलेली माणसं आज नव्वदी ओलांडून गेली आहेत, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीची वाट बघू नका, या शनिवारीच जा. एखादी आजी भेटली तर तिला प्रतिसरकारबद्दल विचारू नका, नाना पाटलांबद्दल तर मुळीच नाही. सत्कारांत सांगून सांगून गुळगुळीत झालेलं उत्तर मिळेल. तिला विचारा, तुमच्या घरी जातं कुठल्या खोलीत होतं आणि रात्री ते कुणी दळायचं. मग गप्प बसा.